दत्तोबा, अकराशे पंच्याहत्तर

"हे धरायचं कसं गं?" आबांनी विचारलं.

"दोन्ही हातांनी. खालून अंगठे, वरून बोटं."

"आणि तोंड?"

"मोठं उघडायचं."

"केवढं? डॉक्टरला दाखवतात तेवढं?"

शेजारच्या टेबलावरच्या दोन मुली हसल्या. आबांनी एकदा बर्गरकडे बघितलं, एकदा स्वतःच्या उजव्या हाताकडे. तो हात छातीच्या वर येत नव्हता. मग त्यांनी डाव्या हाताने डब्याचं झाकण काढावं तसा वरचा पाव उचलला आणि ताटलीत बाजूला ठेवला.

नाही. इथून नको.

ही गोष्ट मी नेहमी इथूनच सुरू करते. लोक हसतात, मलाही हसू येतं. मग रिक्षापर्यंत पोचले की थांबते, कारण तिथे ती संपल्यासारखी वाटते. नऊ वर्षं मी ती रिक्षापर्यंतच सांगत आले आहे.

पुन्हा.

*

औंधमधल्या आमच्या हॉटेलचं नाव 'ओंडका' होतं. खाटीक ज्याच्यावर मटण तोडतो तो ओंडका. नाव मिहिर देवस्थळीला सुचलं. हॉटेल त्याचं, स्वयंपाकघर माझं. दारातच चिंचेचा एक जुना ओंडका ठेवला होता. तो जुन्या बाजारातून आणला होता आणि त्याच्यावर निवडुंगाच्या तीन कुंड्या होत्या.

मी कोल्हापूरच्या दत्तोबा कोतमिरे यांची मुलगी. आमचं मटणाचं दुकान आजोबांपासूनचं. आबांचा खिमा घ्यायला लोक कागलहून यायचे. आबा दोन्ही हातांत दोन सत्तूर घेऊन कुटायचे, एक वर तर एक खाली, आणि मध्ये मध्ये पात्याच्या कडेने खिमा उलटवायचे. लहानपणी मी त्या आवाजावर झोपायचे. मोठेपणी त्याच आवाजावर मिहिरने मेनूकार्ड लिहिलं. ते असं होतं:

दत्तोबा
कोल्हापूरच्या दत्तोबा कोतमिरे यांनी चाळीस वर्षं केला, तसाच खिमा.
दोन सत्तूर. दोन हात. यंत्र नाही.
लोण्यातला पाव, दीड तास परतलेला कांदा, कांदालसूण चटणीचं मेयॉनीज.
₹ ११७५

पहिले तीन महिने यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. दिवसाला बारा बर्गर जायचे आणि बाराही खिमे मी कुटायचे. मग कुठेतरी कुणीतरी व्हिडिओ टाकला आणि शनिवारी ऐंशी जायला लागले. माझं मनगट सुजलं. मिहिर म्हणाला, तात्पुरतं. मशीन आलं. स्टीलचं, छोटं, मागच्या कोठीत बसलं. त्याचा आवाज मिक्सरपेक्षाही कमी होता.

तात्पुरतं म्हणता म्हणता पाच महिने झाले.

कार्ड बदलायचं राहिलं. राहिलं म्हणजे

*

राहिलं म्हणजे बदललं नाही.

*

त्या दुपारी सहा नंबरच्या टेबलावर मृणालिनी टिपणीस बसल्या होत्या. रविवारच्या पुरवणीत त्यांचं 'किंमत' नावाचं सदर असायचं. एक हॉटेल, एक पदार्थ, आणि शेवटी एकच शब्द. रास्त, किंवा महाग. मधलं काही त्या लिहीत नसत. त्या येणार हे मिहिरला दोन दिवस आधी कळलं होतं. त्याने मला कोठीत नेऊन सांगितलं, "शेफ, 'रास्त' आलं तर कोथरूडला दुसरं हॉटेल. त्याच्या पाटीवर तुझं नाव. उज्ज्वला कोतमिरे, एवढ्या अक्षरात." त्याने हात पसरून दाखवलं. हात बऱ्यापैकी पसरले होते.

मला ती पाटी हवी होती. आमच्या दुकानाच्या पाटीवर 'कोतमिरे आणि सन्स' लिहिलेलं होतं.

आणि त्याच दुपारी, न सांगता, आबा आले. चार वाजता पुण्यात खांद्याच्या डॉक्टरची वेळ होती. पहाटेची एसटी पकडून ते एक वाजताच माझ्या दारात. पांढरा लेंगा-शर्ट, हातात एक्स-रेचं पाकीट.

"एवढं पंखं लावल्यात, पण गार वारं कुठनं येतंय कळंना," ते म्हणाले.

मग त्यांनी भिंतीकडे बघितलं.

भिंतीवर त्यांचे सत्तूर होते. आजोबांची जोडी, हॉटेल सुरू झालं तेव्हा जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून त्यांनीच दिलेली. सजावट करणाऱ्या माणसाने ते तलवारींसारखे एकमेकांवर तिरपे लावले होते आणि वरून पिवळा दिवा सोडला होता. आमच्यात सत्तूर टांगत नाहीत. काम झालं की पुसून ओंडक्यावर आडवा ठेवायचा. आजोबा गेले तेव्हा तेरा दिवस सत्तूर खुंटीला टांगला होता, आणि नंतर आबांनी ती खुंटीच उपटून टाकली होती. हे मला माहीत होतं. त्या सजावटवाल्याला सांगताना मात्र मला लाज वाटली. आमच्यात असं असतं, तसं असतं, हे कोण सांगणार.

"टांगलंस व्हय," आबा म्हणाले.

"शोभेला आहेत, आबा."

"हं."

मी त्यांना चार नंबरवर बसवलं. भिंतीलगत. तीच जागा मोकळी होती.

*

आता हसण्याचं.

वरचा पाव बाजूला ठेवल्यावर त्यांनी त्याचा एक तुकडा मोडून खाल्ला.

"गोड हाय की."

"त्यात लोणी आणि अंडं असतं."

"मग पाव कशाला म्हंतीस? केक म्हण."

मग कांदा. तो त्यांनी बोटावर घेऊन चाटला.

"कांदा झकास. किती वेळ परतलास?"

"दीड तास."

"गॅसवाला खूश असंल तुझ्यावर."

शेजारच्या मुली आता उघड उघड बघत होत्या. त्यांतल्या एकीने विचारलं, "काका, पहिल्यांदा खाताय?"

"बर्गर पहिल्यांदा. खिमा न्हाई."

आणि मग खिमा. मी उभीच होते. मला आत जायला हवं होतं, आत चार ऑर्डरी होत्या, तरी मी उभी होते. आबांनी पॅटीची कड मोडली. दुकानात ते गिऱ्हाईकाला खिमा बांधून देण्याआधी चिमूट घेऊन अंगठा आणि तर्जनीत चोळतात, हाडाचा कण लागतोय का, शीर राहिलीय का ते बघायला. शिजलेल्या पॅटीचंही त्यांनी तेच केलं. चोळलं. मग तोंडात टाकलं. बराच वेळ चावत राहिले.

"बारीक झालाय," ते म्हणाले.

"हो?"

"हं."

आणि खायला लागले. एका हाताने, हळूहळू, भाकरीबरोबर खावं तसं. पॅटी संपली, कांदा संपला, खालचा पाव त्यांनी ताटलीतल्या रसात फिरवून संपवला. काही शिल्लक ठेवलं नाही.

"केवढ्याला म्हणालीस?"

"अकराशे पंच्याहत्तर."

"एक?"

"एक."

त्यांनी कार्ड उचललं. चष्मा खिशातून काढला नव्हता, त्यामुळे हात लांब करून वाचलं. ओठ हलत होते. 'यंत्र नाही'पाशी ओठ थांबले की मला तसं वाटलं, सांगता येणार नाही.

"ह्यात माझ्या नावाचे किती गं?"

मी काही बोलणार तेवढ्यात मागून मिहिरचा आवाज आला. "मॅडम, तुम्ही विश्वास ठेवणार नाही. हे स्वतः दत्तोबा!"

*

टिपणीसबाई पन्नाशीच्या. सुती साडी, गळ्यात दोरीला लावलेला चष्मा. त्या खुर्ची ओढून आबांच्या समोर बसल्या. मिहिर त्यांच्या मागे उभा राहून मला डोळ्यांनी खुणावत होता: बस, झालं आपलं काम.

"म्हणजे हे नाव खरंच एका माणसाचं आहे! मला वाटलं, हॉटेलवाल्यांनी रचलेलं असेल."

"न्हाई, रेशनकार्डावर हाय," आबा म्हणाले.

"काका, मग तुम्हीच सांगा. एका बर्गरला एवढे पैसे. रास्त आहे?"

"तुम्हाला कसा लागला?"

"मी आधी विचारलं."

"खाटकाला विचारून काय उपेग, बाई? त्यो काय बोकडाच्या बाजूनं बोलणार?"

त्या मोठ्याने हसल्या. वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटलं, जमलं. जमतंय. 'रास्त' लिहिणाऱ्या माणसाचा चेहरा असाच असणार.

"खरं सांगू," त्या म्हणाल्या, "चव चांगली आहे. पण तेवढ्यासाठी मी अकराशे देणार नाही. अकराशे मी दिले तर त्या दोन हातांसाठी देईन. आजकाल कुणी कुणासाठी एवढं करत नाही. मला फक्त ते एकदा बघायचं आहे. काका, करून दाखवता? थोडंसं. एक फोटो."

"अं, मॅडम, काकांचा खांदा जरा..." मिहिर.

"डावा हात हाय की," आबा म्हणाले आणि उठले.

*

स्वयंपाकघराच्या खिडकीपासून त्या भिंतीपर्यंत अकरा पावलं आहेत. बाई बोलत असतानाच मी आत गेले होते, चार ऑर्डरींसाठी, पण कान खिडकीकडे होते. आबा उठलेले दिसले आणि मी बाहेर आले. अकरा पावलांत मला जे जे सुचलं:

आबांना म्हणावं, धार नाही, राहू दे.

म्हणावं, डॉक्टरची वेळ झाली.

ओरडावं, कांदा लागला, आत या.

मिहिर काहीतरी करेल.

मिहिर काही करणार नाही.

कोथरूड. एवढ्या अक्षरात

आबांचा डावा हात वरच्या सत्तुराच्या मुठीवर होता. त्यांनी ओढला. आला नाही. पुन्हा ओढला, जरा जोरात. भिंतीवरचा दिवा हलला, सत्तूर हलला नाही.

"आडकलाय काय गं?" ते म्हणाले. हसत होते. शेजारच्या मुलीने मोबाइल वर धरला होता.

मग त्यांनी मूठ नीट बघितली. अंगठा मुठीवरून फिरवला, आणि तो मधोमध थांबला. तिथे स्क्रूचं डोकं होतं. चिंचेची मूठ. आजोबांनी घासून बसवलेली. तिच्यातून आरपार भोक पाडून, भिंतीत पक्की.

अंगठा तिथेच राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. दुकानात गिऱ्हाईक चुकीचा तुकडा मागतं तेव्हा बघतात तसं, हाच हवाय ना, नक्की ना, अशा नजरेने.

"ते निघत नाहीत, आबा," मी म्हणाले. "स्क्रूने बसवलेत."

"शेफ," मिहिर म्हणाला.

"मॅडम, खिमा मशीनवर होतो. मागच्या कोठीत मशीन आहे. पाच महिने झाले."

"शेफ!"

हॉटेल काही एकदम गप्प वगैरे झालं नाही. कुणाचा तरी चमचा पडला, कुणीतरी पाणी मागितलं. टिपणीसबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"आणि कार्डावर लिहिलंय ते?"

"पहिले तीन महिने खरं होतं."

त्या आबांकडे वळल्या. "तुम्हाला हे माहीत होतं?"

"पहिल्या घासाला कळलं."

"आणि तुम्ही सगळं खाल्लंत. बोलला नाहीत. नाव तुमचं आहे, काका. तुमच्या नावावर हे विकतायत."

आबांनी सत्तुरावरचा हात काढला. लेंग्याला पुसला. बसायला खुर्ची शोधली आणि मग न बसताच म्हणाले,

"काय बोलणार? मीबी मशीनवरच करतोय."

टिपणीसबाईंनी वहीचं पान उलटलं.

"दीड वर्ष झालं. खांदा गेल्यापासनं. आत मशीन चालतंय, आणि पुढं मी बसून नुसता सत्तूर आपटतोय, मोकळ्या ओंडक्यावर. गिऱ्हाईकाला आवाज लागतो ना." त्यांनी एक्स-रेचं पाकीट उचललं. "पोरगी माझंच बघून शिकली. तवा लिवायचं तर दोघांचं लिवा. तिचं एकटीचं लिवू नका."

बाईंनी लिहिलं.

*

रिक्षात बसलो. औंध संपलं, पूल आला. मला राग आला होता आणि हलकंही वाटत होतं. मी एवढी मेले लाजेने, आणि हा माणूस दीड वर्षं मोकळ्या ओंडक्यावर ताशा वाजवतोय!

"मला का नाही सांगितलंत, आबा?"

"तू सांगितलंस?"

मग मला हसू फुटलं. आबाही हसले, खांदा धरून, कारण हसल्यावर तो दुखायचा. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं.

मी गोष्ट इथे थांबवते.

*

पुढचं पटकन सांगते.

सदर छापून आलं. शेवटचा शब्द 'महाग'. त्याच्या आधी दोन ओळी अशा: 'ज्यांच्या नावाने हा बर्गर विकला जातो, त्या कोल्हापूरच्या दत्तोबा कोतमिरे यांच्या दुकानातही खिमा आता यंत्रावरच होतो. सत्तुराचा फक्त आवाज उरला आहे.' मिहिरने कार्डावरून आबांचं नाव काढलं, किंमत नऊशे पंचाण्णव केली, आणि बर्गर पूर्वीइतकाच खपत राहिला. कोथरूडचं पुन्हा कोणी काढलं नाही. दोन महिन्यांनी मी नोकरी सोडली. निघताना मिस्त्री बोलावून सत्तूर भिंतीवरून उतरवून घेतले, आणि त्याच फडक्यात बांधून खंडेनवमीला कोल्हापूरला गेले.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. वर्षभर ज्याने हाताला काम दिलं ते सगळं धुऊन पुसून ओंडक्यावर मांडायचं. सुऱ्या, धार लावायची कानस, तराजू, हूक. काही मागे ठेवायचं नाही. मी माझं फडकं सोडून आजोबांची जोडी मांडली. मुठीतली भोकं दिसू नयेत म्हणून मुठींवर फडक्याची घडी टाकली. मग मी नंदूला, माझ्या धाकट्या भावाला, म्हटलं,

"मशीन धरायला ये की. मला एकटीला उचलणार नाही."

"कसलं मशीन?"

"खिम्याचं. तेही मांडायला नको का?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "आपल्यात कुठलं मशीन, ताई?"

मी आतल्या खोलीत गेले. मिठाची पोती होती. बर्फाची पेटी होती. कॅलेंडरं, जुनी छत्री, आजोबांचा फोटो. तिथे विजेचं बटण नव्हतं. एक बल्ब होता, तोही बाहेरून वायर ओढून लावलेला.

"डाव्या हातानं कुटत बसत्यात," नंदू मागून म्हणाला. "अर्ध्या किलोला पाऊण तास. मला हात लावू देत न्हाईत. निम्मी गिऱ्हाईकं खांदा गेला तवाच गेली, आणि उरलेली पेपरात आल्यावर. शाहूपुरीचे वकीलसाहेब तर पेपर घेऊनच आले. म्हणाले, दत्तोबा, तुम्हीसुद्धा? मी म्हटलं, साहेब, आत येऊन बघा, मशीन असलं तर दुकान तुमच्या नावावर करतो. तर आबा माझ्यावरच उखडले. म्हणाले, गप बस, छापलंय ते खरं हाय."

"खरं आहे म्हणाले?"

"सगळ्यांच्या म्होरं."

आबा आंघोळ करून आले. ओल्या केसांनी, डाव्या हातात हळदकुंकवाचं ताट. ओंडक्याजवळ बसले. माझ्या जोडीवरची फडक्याची घडी त्यांनी बाजूला केली, एकेका भोकावर अंगठा ठेवून बघितला.

"कुंकू आत जाऊ द्यायचं न्हाई," ते म्हणाले. "लाकूड कुजतं."

"आबा."

"हं."

"मशीन कुठंय?"

त्यांनी तराजूला कुंकू लावलं. हुकाला लावलं. कानशीला लावलं. त्यांचं बोट ठरल्या क्रमाने पुढे जात होतं.

"दुरुस्तीला दिलंय," ते म्हणाले.

नंदूने तोंड उघडलं.

"नंद्या, नारळ आण."

नंदू गेला. आबांनी ताटातली झेंडूची फुलं एकेका हत्यारावर ठेवली. शेवटी एक उरलं. ते त्यांनी क्षणभर हातात धरलं, आणि ओंडक्याच्या कडेला, जिथे काहीच मांडलेलं नव्हतं, तिथे ठेवून दिलं.